निवृत्तीसाठी गाव शोधताय? आधी राहतं घर विकू नका

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्याला राहते. वय ६१. शाळेतून निवृत्त झाले आहे. ह्यांचं वय ६६, बँकेत नोकरी होती. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. सोसायटीत पुनर्विकासाचा ठराव झालाय, दोन बिल्डरांच्या ऑफरही आल्यात. ह्यांचं म्हणणं, ठाण्यात आता गर्दी आणि ट्रॅफिकशिवाय उरलंय काय? घर विकू, दापोलीजवळ गावी बांधू आणि उरलेल्या पैशांवर निवांत राहू. मला ते झेपेल असं वाटत नाही. मधला मार्ग म्हणून मी नाशिक किंवा नेरूळ-बेलापूर सुचवलं. मुलगा बंगळुरूला, लेक कल्याणला. दोन वर्षांपूर्वी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. मला गाडी चालवता येत नाही. ह्यांनी आयुष्यभर लोकलला लटकून नोकरी केली, तेव्हा आता त्यांच्या मनासारखं होऊ दे, असंही वाटतं. मी उगाच अडून बसतेय का? आम्ही कुठलं गाव निवडावं?

— एक वाचक, नौपाडा

उत्तर

ताई, नमस्कार.

कुठे राहायचं आणि नौपाड्यातल्या घराचं काय करायचं, हे दोन्ही प्रश्न तुमच्या घरात एकदमच चर्चेला आलेले दिसतात. आधी ते वेगळे करा. गाव नाही आवडलं तर सामान बांधून परत येता येतं. नौपाड्यातलं घर मात्र एकदा हातचं गेलं की निवृत्तीच्या पैशांत त्याच भागात पुन्हा घर घेणं जवळपास अशक्य. त्यातून तुमची इमारत पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहे. आत्ता विकलंत तर जुन्या, लिफ्ट नसलेल्या घराची किंमत मिळेल. थांबलात तर त्याच पत्त्यावर लिफ्ट असलेलं नवं घर मिळेल, आणि ज्या गुडघ्यांमुळे हा विषय निघाला त्यांचा प्रश्न निम्मा तरी सुटेल.

मला यात आणखी एक सोय दिसते. पुनर्विकासात तुम्हाला काही वर्षं घर रिकामं करावंच लागणार आहे आणि त्या काळात बिल्डर दरमहा भाडं देणार आहे. ते भाडं ठाण्यातच खर्च करा असं कुणी म्हणत नाही. बहुतेक लोक त्याच गल्लीत दुसरं घर बघतात, मुलांच्या शाळा असतात म्हणून. तुमच्या मागे तशी काही अडचण नाही. घर बदलायचंच आहे, तर ती वर्षं गाव पारखण्यासाठी वापरा. दापोलीत राहून बघा, नेरूळला राहून बघा. नवी इमारत उभी राहील तेव्हा तुम्हा दोघांना नक्की कळलेलं असेल की परत यायचं की नाही. तेव्हा विकलंत तरी नव्या घराची किंमत येईल.

हे सगळं पुनर्विकास नीट पार पडला तर. ठाण्यात अर्धवट थांबलेल्या इमारती आणि भाडं बंद झालेली कुटुंबं तुमच्याही माहितीत असतील, म्हणून इथे ढिलाई नको. २०१९ च्या सरकारी निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीवर पुनर्विकास होऊ शकतो, त्यामुळे 'आपलं मत कशाला' म्हणून सभेला जायचं टाळू नका. बिल्डरची बँक गॅरंटी, भाड्याचे आगाऊ चेक, काम रखडलं तर करार रद्द करण्याची तरतूद आणि तुमच्या घरापुरता नोंदणी केलेला पर्यायी जागेचा करार, एवढं हातात असल्याशिवाय आणि आराखडा मंजूर झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. यजमान बँकेत होते, हे कागद त्यांच्याइतके चांगले सोसायटीत दुसरं कोण वाचणार? त्यांना त्या कामात ओढा.

आता दापोली. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण यजमानांचं मन तिथे आहे आणि त्या ओढीला मी कमी लेखणार नाही. ज्या माणसाने पस्तीस-चाळीस वर्षं ८ वाजून काही मिनिटांची गाडी पकडली, त्याला अंगणात उतरून आंब्याला मोहर आला का बघावंसं वाटलं तर त्यात चूक काय? दापोलीची हवा कोकणाच्या मानाने खरोखर सुखद आहे. गाव समुद्रापासून थोडं उंचावर आहे, कृषी विद्यापीठामुळे गावाला शिकलेला, नीटनेटका चेहरा आहे, मुरुड-कर्दे-आंजर्ल्याचे किनारे हाकेच्या अंतरावर आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथे राहिलेल्या माणसाला ठाणं नकोसं वाटणं अगदी साहजिक आहे.

पण आपण चाकरमानी मंडळी गावाला जातो ती गणपतीत, शिमग्याला नाहीतर मे महिन्यात. घर भरलेलं असतं, काका-चुलत भाऊ आलेले असतात, माजघरात दहा पानं उठतात. जून लागला की ती सगळी माणसं आपापल्या गाड्यांनी परत जातात. मागे उरतात दोन-चार म्हातारी घरं आणि साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस. कपडे आठवडा-आठवडा वाळत नाहीत, चिऱ्याच्या भिंतींना ओल येते, अंगणात शेवाळ धरतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते शेवाळ फार धोक्याचं. वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांनी अंधारात दिवस काढले, हे यजमानांना भावकीकडून कळलं असेलच. बागेचं म्हणाल तर आंबा-काजू लावणं सोपं. वानरांपासून राखणं, गवत काढणं आणि वेळेवर गडी मिळणं अवघड. गावातली तरुण मुलं मुंबई-पुण्याला असल्यावर कामाला माणूस आणायचा कुठून?

एक गोष्ट मात्र यजमानांशी शांतपणे बोलाच. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी डॉक्टरही आहेत. पण हृदयाचं मोठं दुखणं उपटलं तर बाहेर हलवावं लागणार. चिपळूणच्या पुढे डेरवणचं वालावलकर रुग्णालय चांगलं आहे, पण वाडीवरच्या घरातून रात्री, भर पावसात, घाटरस्त्याने तिथे पोहोचायचं म्हणजे किती वेळ लागेल याचा हिशोब त्यांनीच करावा. आणि गाडी कोण चालवणार? त्यांनाच दुखतंय, तुम्हाला येत नाही.

गाव निवडायला बसलेलं प्रत्येक जोडपं मनात दोघांचं चित्र रंगवतं. दोघं सकाळी फिरायला जातील, दोघं झोपाळ्यावर चहा घेतील. माझ्याकडे पत्रं येतात ती पुष्कळदा त्या चित्रातलं एक माणूस गेल्यानंतरची असतात. बायकांची जास्त, कारण आपल्याकडे नवरा सहसा वयाने मोठा असतो. रस्त्यापासून आत टुमदार बंगला असतो. औषध आणायचं तर रिक्षाला फोन करावा लागतो. गेटला कुलूप लावून संध्याकाळी सहाला आत बसावं लागतं. घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक येत नाही. म्हणून कुठल्याही गावाबद्दल विचार करताना हा प्रश्न आधी विचारा: आपल्यातलं एकच जण उरलं तर ते इथे दूध, औषध, डॉक्टर, देऊळ, वाचनालय आणि बोलायला माणूस हे सगळं पायी किंवा रिक्षाने, कुणाची वाट न बघता, मिळवू शकेल का? हे मोठ्याने बोलणं जड जातं. पण तुमच्या वयात, तुमच्या घरात झालेल्या दुखण्यानंतर, ते न बोलणं जास्त महागात पडेल.

याच प्रश्नावर तुमचं नौपाडा किती सरस ठरतं बघा. खाली उतरलं की भाजी, वाणी, केमिस्ट. चालत जाण्याच्या अंतरावर गडकरी रंगायतन, तलावपाळी, कोपिनेश्वराचं देऊळ. १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय. पाडव्याची स्वागतयात्रा, दिवाळीची पहाट राम मारुती रोडवर. शाळेत नोकरी केलेल्या बाईला रस्त्यात दर दहा पावलांवर 'बाई, ओळखलंत का?' म्हणणारा कुणीतरी भेटत असणार. यजमान म्हणतात ती गर्दी आणि ट्रॅफिक खरीच, घोडबंदरकडे जायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. पण निवृत्त माणसाला रोज सकाळी नऊला घोडबंदरला जायचं नसतं. जिन्यामुळे तुम्हाला ठाणं नकोसं व्हायला लागलंय की खरंच ठाण्याचाच कंटाळा आलाय, हे तपासा. पत्रावरून तरी मला जिनाच दिसतो.

नाशिकबद्दल थोडक्यात. हवा उत्तम, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंची, ठाण्यासारखा घाम नाही, थंडी चांगली पडते. दवाखाने चांगले आहेत, गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या बाजूला राहणं सोयीचं आहे. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे, नाटकं-व्याख्यानांना तोटा नाही. मराठी माणसाला परकं वाटेल असं तिथे काहीच नाही. फक्त तुमचं तिथे कुणी नाही. साठीनंतर नव्या गावात ओळखी होत नाहीत असं नाही, पण त्या करायला एखादा धागा लागतो: बहीण, जुनी मैत्रीण, भजनी मंडळ. तुमच्या पत्रात नाशिकचं कारण म्हणून मला फक्त हवा सापडली. तो तुम्ही तडजोड म्हणून काढलेला पर्याय वाटतो, जिथे ना त्यांची बाग आहे ना तुमची माणसं. माझं मत विचाराल तर नाशिक यादीतून काढा. कुणी जवळचं तिथे असेल आणि लिहायचं राहून गेलं असेल, तर गोष्ट वेगळी.

नेरूळ-बेलापूरचा विचार मला मनापासून पटतो. सिडको या सरकारी महामंडळाने १९७० पासून हे नवी मुंबई शहर आखून वसवलं. त्यामुळे सेक्टरजवळच बाजार, बाग, शाळा, दवाखाना मिळतो, आणि रस्ते बरेचसे सपाट. सकाळी चालायला नेरूळचा 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' किंवा वंडर्स पार्क आहे, हिवाळ्यापासून मेपर्यंत सीवूड्सच्या खाडीकडे फ्लेमिंगो येतात. महापालिकेची ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत. घर बघायला जाल तेव्हा त्या सेक्टरातल्या केंद्रात संध्याकाळी जाऊन नुसतं बसा, तासाभरात शेजार कसा आहे ते कळेल. पाणी हा निवृत्त माणसाच्या मनःशांतीचा मोठा भाग आहे, आणि मोरबे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं असल्यामुळे नेरूळ-बेलापूरला त्याची चिंता आसपासच्या शहरांपेक्षा कमी. मोठी रुग्णालयं नेरूळ, बेलापूर, वाशी अशी तिन्हीकडे आहेत. ठाण्याहून पनवेलची लोकल थेट नेरूळला येते, पाऊण तासाच्या आत. म्हणजे गडकरीला नाटक बघून रात्री परत जाता येईल, कल्याणची लेक ठाण्याला गाडी बदलून येऊ शकेल. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालाय, तेव्हा बंगळुरूच्या मुलालाही 'लांब पडतं' म्हणायला जागा नाही.

तिथे घर बघताना काही गोष्टींची काळजी घ्या. सिडकोने बांधलेल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींत लिफ्ट नाही. स्वस्त आणि हवेशीर म्हणून ती घरं मोहात पाडतात, पण तुम्ही ज्यातून सुटायला निघालात त्यातच पुन्हा अडकाल. तळमजला मिळाला तर गोष्ट निराळी. पुढे हातभर माती असेल तर यजमानांच्या कुंड्यांची सोय होईल. नकाशावर स्टेशन जवळ दिसतं, पण मध्ये सायन-पनवेल हायवे किंवा पाम बीच रोड आडवा असेल तर ते जवळ नव्हे. प्रत्यक्ष चालून बघा, दुपारच्या उन्हात. खारघर मोकळं आणि देखणं आहे, सेंट्रल पार्क सुरेख आहे, पण उन्हाळ्यात पाण्याच्या तक्रारी तिथून दरवर्षी येतात आणि तळोजा एमआयडीसीच्या बाजूला हवेचा त्रास आहे. उलवे-द्रोणागिरी गुंतवणुकीला ठीक असेल, पण साठीनंतर राहायला अजून फार उघडं-उघडं वाटतं. आणि पुढे कधी विकत घ्यायची वेळ आली तर सोसायटीची जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहे का आणि हस्तांतरण शुल्क किती, हे सौदा ठरायच्या आधी विचारा.

तेव्हा मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं: घर रिकामं करायची वेळ आली की नेरूळ किंवा बेलापूरला, स्टेशनपासून चालत, लिफ्ट असलेलं वन बीएचके भाड्याने घ्यायचं. अवजड फर्निचर लेकीकडे किंवा ओळखीत कुठे ठेवायचं. हे मुक्कामाचं घर. आणि पहिल्याच वर्षी जून ते सप्टेंबर दोघांनी दापोलीत जायचं. वाडीवरच्या घरात नाही, दापोली गावात, बाजार आणि दवाखान्याजवळ खोली भाड्याने घेऊन. सलग राहायचं, मध्ये पळून यायचं नाही. यजमानांनी आठवड्यातून दोनदा वाडीवर जाऊन जमिनीचं बघावं; तुम्ही त्या चार महिन्यांत गाडीशिवाय, एकटीने, एसटीने आणि रिक्षाने वावरून बघावं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, सवयीचं होऊन जाईल. मनापासून राहून बघा, 'बघा, मी म्हणत नव्हते' असं म्हणायला मिळावं म्हणून नव्हे. कदाचित पावसातली दापोली तुम्हाला आवडेलही. विद्यापीठाच्या आवारात फिरायला जाणाऱ्या बायकांचा एखादा घोळका सापडेल, शाळेतली मुलं शिकवणीला येतील. आणि कदाचित ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात यजमानच म्हणतील, चला नेरूळला.

त्यांचं मन तरीही तिथेच राहिलं, तर नोव्हेंबर ते मार्च दापोली आणि उरलेले महिने इकडे, अशी विभागणी करता येईल. त्यासाठी लाखो रुपयांचा बंगला लागत नाही. गावच्या घराचं छप्पर शाकारून, एक संडास-बाथरूम आत घेऊन, पायऱ्यांना कठडा लावून भागतं. पण तेवढ्या खर्चाआधीही सातबारा काढून बघा. कोकणात सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळची नावं आणि त्यांचे वारस अशी वीस-वीस जणं सामाईक असतात. वाटप न झालेल्या जमिनीत स्वतःच्या पैशाने बांधलेल्या घरावरून भावकीत काय काय होतं, ते मी नव्याने सांगायला नको. तोंडी 'तो तुकडा आपलाच' यावर एक वीटही लावू नका.

पैशांबद्दल एवढंच. पुढेमागे नौपाड्याचं घर विकलंतच, तर नफ्यावर कर बसतो, आणि ठरलेल्या मुदतीत दुसरं राहतं घर घेतलं तर त्यात सूट मिळते. ते गणित चांगल्या सीएकडून आधीच मांडून घ्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, तुम्हा दोघांचीही वयं त्यात बसतात. घर कुठेही घ्या, दोघांच्या नावावर घ्या आणि दोघांनीही मृत्युपत्र करा. सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे, हे फार जणांना वेळ निघून गेल्यावर कळतं. मुलं कितीही चांगली असली तरी हयातीत घर त्यांच्या नावावर करू नका.

राहिला तुमचा प्रश्न, की मी अडून बसतेय का? मला तसं अजिबात वाटत नाही. यजमानांनी लोकलचे धक्के खाल्ले तसे तुम्हीही शाळा आणि घर दोन्ही सांभाळलंत. निवृत्ती तुमचीही झालेली आहे. त्यांच्या मनासारखं व्हावं असं तुम्हाला वाटतं, यात तुमचं प्रेम दिसतं. पण तुम्ही मन मारून दापोलीला गेलात तर ते त्यांच्याही लक्षात येईल, आणि त्या माणसाला त्यांची बाग गोड लागणार नाही. त्यांना 'नाही' म्हणू नका. 'पावसात चार महिने राहून बघू, घर तेवढं राहू दे' असं म्हणा. अँजिओप्लास्टीचा आणि एकटं उरण्याचा विषय काढताना लेकीला समोर बसवा, पण मुलांना निर्णय करायला सांगू नका. तो तुम्हा दोघांचा.

सोसायटीची पुढची सभा कधी आहे ते आजच सेक्रेटरींना विचारा आणि दोन्ही ऑफरच्या प्रती मागून घ्या. घर विकायचं आहे असं कुठल्या ब्रोकरला सांगून झालं असेल, तर त्याला फोन करून तूर्त थांबायला सांगा.

तुमची,
सदरलेखिका